लाल वहीतली सिस्टर

गुरुवारी आमच्याकडे जेवणं साडेसातच्या आत आटपायची, कारण आठ वाजता दवाखान्याची मालिका लागायची. तिला एक लांबलचक हिंदी नाव होतं, पण घरात सगळे तिला नुसतं 'दवाखाना' म्हणत. माझी कामं ठरलेली होती. ताटं घासून पालथी घालायची, सतरंजी अंथरायची, अप्पांचा पानाचा डबा खिडकीत ठेवायचा, वीज गेली तर हाताशी असावा म्हणून कंदील पुसून कोपऱ्यात ठेवायचा. ही यादी मी स्वयंपाकघराच्या दाराआड खडूने लिहून ठेवली होती आणि एकेक काम झालं की रेघ मारत असे. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आज पन्नाशीला आले, शाळेच्या ऑफिसात चाळीस जणांची कामं लावून देते, पण सवय तीच आहे. लिहून ठेवलं की गोष्ट हातातून सुटत नाही असं मला फार दिवस वाटत असे.

घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. अप्पा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणारी यजमान मंडळी आमच्याच खालच्या दोन खोल्यांत उतरायची आणि त्यांचा स्वयंपाक आई करायची. येताना कुणी गोडा मसाला आणायचं, कुणी कोकम, कुणी मेतकूट, त्यामुळे बनारसच्या अरबीच्या, म्हणजे अळूच्या, पानांची भाजीसुद्धा आमच्याकडे साताऱ्याकडच्या चवीची व्हायची. सकाळचा नाश्ता मात्र इथलाच, कोपऱ्यावरची कचौडी आणि जलेबी. बोलणंही तसंच अर्धंमुर्धं होतं. "जल्दी कर गं, सब्जी जळेल," असं आई म्हणायची आणि यजमानांच्या बायका पदराआड हसायच्या.

गल्ली मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे जाणारी. 'राम नाम सत्य है' असं दुरून ऐकू आलं की आई उठून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायची आणि प्रेत पुढे जाईपर्यंत हात तसाच बटणावर ठेवून उभी राहायची. पडद्यावर डॉक्टर आणि पेशंट मुकाट ओठ हलवत राहायचे. एका भागात असं दोनतीनदा व्हायचं. कुणाला त्याचं काही वाटत नसे. राहून गेलेलं आपण मनाने भरून घ्यायचं.

मालिका बघणारे आम्ही चौघं. आई, मी, मांडीवर पेंगणारा धाकटा भाऊ, आणि अप्पा. अप्पा बसत नसत. आपण बघतोय असं दिसू नये म्हणून दाराच्या चौकटीत अर्धे पाठमोरे उभे राहत आणि शेवटपर्यंत हलत नसत. जिने ही मालिका खरोखर बघायला हवी होती ती कुसुमआत्या गुरुवारी रात्रपाळीला असायची. आत्या म्हणजे अप्पांची सर्वांत धाकटी बहीण, एकतीस वर्षांची, लग्न न झालेली, आणि खरोखरीच्या दवाखान्यात नर्स. आजोबा शेवटच्या आजारात तीन महिने दवाखान्यात होते तेव्हा तिने त्यांचं सगळं केलं. तिथल्या मेट्रनने तिच्या हातचं काम पाहून तिला शिकायला घातलं, आणि आजोबांनी अंथरुणातून मान हलवली म्हणून अप्पांना नाही म्हणता आलं नाही. पुरोहिताच्या घरची मुलगी कुणाकुणाची भांडी उचलते, हे गल्लीत बोललं जायचं. आत्या बाहेरच्या नळावर आंघोळ करून मगच घरात यायची, त्यामुळे निदान तोंडावर कुणी बोलत नसे.

शुक्रवारी सकाळी ती आली की आधी विचारायची, "काय झालं काल दवाखान्यात?" मी तोंडी सांगितलं की गोंधळ व्हायचा, म्हणून मी लिहून ठेवायला लागले. अप्पांनी मला एक वही दिली, त्यांच्याच वह्यांसारखी. लाल कापडाच्या बांधणीची, लांबट, वरच्या बाजूला उघडणारी. शिवताना पानं तिरकी गेली होती म्हणून ती कामाची राहिली नव्हती.

या वह्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बाहेरच्या खोलीत फळीवर त्या ओळीने उभ्या असत, सर्वांत जुनी डावीकडे आणि चालू वही उजव्या टोकाला. कुठलंही यजमान कुटुंब आलं की अप्पा गाव आणि आडनाव विचारायचे आणि दहा मिनिटांत त्यांच्या पणजोबांची सही काढून समोर ठेवायचे. चांगले मोठे पुरुष त्या सहीवर हात फिरवून रडताना मी पाहिलेत. कोण आलं, सोबत कोण, स्थळ कोणतं, कार्य काय केलं, एवढंच त्यात असायचं. भावाभावांचे वारसाचे तंटे या नोंदींवर मिटलेले होते. वहीत आहे म्हणजे झालेलं आहे, यात कुणाला शंका नसे. बायकांची नावं मात्र क्वचितच. 'सहकुटुंब' या एका शब्दात त्या सगळ्या मावायच्या.

मी माझी वही हुबेहूब तशीच लिहायची. कोण, सोबत कोण, स्थळ, कार्य. अडचण एकच आली. मालिकेत डॉक्टरांना नावं होती. डॉक्टर समर, डॉक्टर नैना, मोठे डॉक्टर. नर्सना नाव नव्हतं. कुणीही आली तरी नुसती 'सिस्टर'. नाव नसलेल्या माणसाची नोंद करायची कशी? मी आत्याला विचारलं. ती चहात पाव बुडवत होती. म्हणाली, "माझं लिही. निदान तुझ्या वहीत तरी सिस्टरला नाव असू दे." म्हणून त्या दिवसापासून मालिकेतली प्रत्येक नर्स 'सिस्टर कुसुम' झाली.

आत्या ती वही रिपोर्ट वाचावा तशी वाचायची आणि पेन्सिलीने बाजूला दुरुस्त्या करायची. 'सलाइन असं लावत नाहीत.' 'ऑपरेशनला बांगड्या घालून जाऊ देत नाहीत.' 'इतकं बोलायला वेळ कुठे असतो.' एकदा मी वहीच्या मागच्या पानावर यादीच केली. पुरुष डॉक्टर काय काय करतात: ऑपरेशन, ओरडणं, गाडी चालवणं, खिडकीतून बाहेर बघणं. डॉक्टर बायका: फाइल देणं, रडणं, पुरुष डॉक्टरवर रुसणं, लग्न ठरलं की नोकरी सोडणं. सिस्टर: दार उघडणं, 'डॉक्टर, जल्दी आइए' म्हणणं. आत्या ती यादी वाचून इतकी हसली की डोळे पुसत बसली. मग म्हणाली, आमच्या वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन नर्सा, खिडकीतून बाहेर बघायला एक माणूस मिळाला तर बरं होईल. आईला मात्र डॉक्टर समर आवडायचा. "वन्सं, तुमच्याकडे आहे का हो असा कुणी?" ती विचारायची. आत्या म्हणायची, "आहे ना वहिनी. पन्नाशीचा आहे, आणि पहिल्यांदा चहा मागतो, मग पेशंट कोण ते विचारतो."

अप्पा हसत नसत. चौकटीत उभ्या उभ्या त्यांनी ती मालिका फार मनावर घेतली होती, हे मला आता कळतं. मधूनच ते आत्याला विचारायचे की रात्रपाळीला डॉक्टर कोण असतो, वयाने केवढा आहे, घरचा कसा आहे. "दादा, ते नाटक आहे," आत्या म्हणायची. अप्पा म्हणायचे, "नाटकवाले कुठूनतरी बघूनच लिहितात ना."

माझी मुलगी हल्ली फोनवर परदेशी मालिका बघते, त्याही दवाखान्याच्या. ती मला मोठ्या अभिमानाने सांगते, आई, आता बायका ऑपरेशन करतात, तुझ्या वेळेसारखं राहिलं नाही. मी तिच्याबरोबर चार भाग पाहिले. ती खरं सांगत होती. बाई छाती उघडून हृदय शिवते, आणि मग हातमोजे काढून कॉरिडॉरमध्ये एका पुरुषाच्या उत्तराची वाट बघत उभी राहते. मागून ट्रॉली ढकलत एक नर्स जाते. मी मुलीला विचारलं, हिचं नाव काय? तिला माहीत नव्हतं.

तर त्या वर्षी आत्याला नागपूरचं स्थळ आलं. स्थळं आधीही आली होती आणि सगळ्यांची अट एकच असायची, नोकरी सोडायची. या मुकुंदरावांनी फोटो पाहून स्वतः पत्र लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती की तुम्ही काम शिकला आहात तर ते का सोडायचं, इथल्याही दवाखान्यांत नर्स लागतातच. आत्याने ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे आठवडाभर ती युनिफॉर्मच्या टोपीला स्वतः नीळ घालून इस्त्री करत होती आणि गुणगुणत होती. एरवी ते काम माझ्या यादीत असायचं.

मुकुंदरावांचे काका आणि आई काशीयात्रेला आले आणि आमच्याकडेच उतरले. काका गंभीर, सावकाश बोलणारे, आमचे पिढीजात यजमान. गंगापूजन झालं, अप्पांनी त्यांच्या आजोबांची सही दाखवली, त्यांची स्वतःची नोंद चालू वहीत केली. गुरुवारी आत्या ड्यूटीवर गेली. शुक्रवारी सकाळी ती आली की रीतसर बघायचं, पोहे द्यायचे आणि होकार घ्यायचा, असं ठरलं. होकाराबद्दल कुणाला शंका नव्हती. आईने साखरपुड्याला कुणाकुणाला बोलवायचं ते माझ्याकडून लिहूनसुद्धा घेतलं होतं.

त्या गुरुवारच्या भागात डॉक्टर समर एका सिस्टरला औषधांच्या खोलीत घेऊन गेला. गेले तीन आठवडे त्याचं तिच्याशी काहीतरी चालू होतं, डॉक्टर नैनाशी लग्न ठरलेलं असूनही. त्याने दार लावलं, ती रडली, तो काही बोलणार तेवढ्यात गल्लीतून 'राम नाम सत्य है' आलं आणि आईने आवाज बंद केला. मी नेहमीप्रमाणे नोंद केली. वही एरवी मी स्वयंपाकघरात आत्याच्या कपाशेजारी ठेवायची. त्या दिवशी तिथे पाहुण्यांच्या नाश्त्याचं सामान मांडलेलं होतं. वही इकडेतिकडे पडू नये म्हणून मी ती बाहेरच्या फळीवर नेली आणि ओळीत उजव्या टोकाला, चालू वहीच्या पलीकडे, अगदी सरळ उभी करून ठेवली.

सकाळी अप्पा पूजेत होते. काकांना आपली नोंद पुन्हा एकदा वाचायची होती, गावी जाऊन सांगायला. त्यांनी उजव्या टोकाची वही काढली आणि लिहिलेलं शेवटचं पान उघडलं. अप्पा सोवळं सोडून बाहेर आले तेव्हा काका ती वही मांडीवर घेऊन बसले होते. मुकुंदरावांची आई शेजारी, पदर तोंडाला लावून. मी बश्या आणायला दाराशी आले होते. काकांनी आवाज न चढवता वाचून दाखवलं.

"सिस्टर कुसुम. सोबत डॉक्टर समर. स्थळ, औषधांची खोली. कार्य, डॉक्टरांनी आतून कडी लावली. सिस्टर कुसुम रडल्या. डॉक्टरांनी हात धरला. पुढचे बोलणे ऐकू आले नाही."

मग त्यांनी आधीची पानं उलटून पाहिली. तिथेही सिस्टर कुसुम होती, गच्चीवर, जिन्यात, डॉक्टरांच्या गाडीपाशी.

मी म्हणाले, "काका, ते टीव्हीतलं आहे. दवाखाना मालिकेतलं. मी लिहिते." माझा आवाज नीट निघाला होता, मला आठवतं. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यांना विश्वास ठेवायचाच होता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी वहीच्या लाल कापडावरून हात फिरवला, फळीवरच्या ओळीकडे पाहिलं, आणि अप्पांना विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडे या वह्यांत टीव्हीतलंही लिहितात?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. पण आजोबांच्या सहीवर कालच हात फिरवलेला माणूस विचारत होता. अप्पा माझ्याकडे बघतील म्हणून मी थांबले. ते फळीकडे बघत होते, डावीकडून उजवीकडे, एकेक वही मोजावी तसे. आतून पोह्यांसाठी खोबरं खवत असल्याचा आवाज येत होता.

"नाही," अप्पा म्हणाले. "आमच्या घरात वहीत खोटं लिहीत नाहीत."

आत्या तेव्हाच ट्रे घेऊन दारात आली होती. रात्रपाळीवरून येऊन, न्हाऊन, आईची मोरपंखी साडी नेसून. तिने ऐकलं हे मला तिच्या हातावरून कळलं, बश्या एकदाच वाजल्या. तरी ती पुढे आली. काकांसमोर एक बशी ठेवली, मुकुंदरावांच्या आईंसमोर एक, चमचे सरळ केले, पाण्याचे पेले उजव्या हाताशी ठेवले, आणि आत गेली. पोह्यांना कुणी हात लावला नाही. मंडळी दुपारच्या गाडीने जायची ती अकरालाच निघाली. निघताना काकांनी अप्पांना वाकून नमस्कार केला.

नंतर स्वयंपाकघरात आत्या म्हणाली, "दादा, तुम्हाला ठाऊक होतं." अप्पा पाटावर बसले होते. म्हणाले, "एक वही खोटी म्हटली तर बाकीच्या कोण खऱ्या मानेल, कुसुम? सात पिढ्यांचं आहे." आत्याने थोडा वेळ विचार केला, जणू ते तिला पटण्यासारखं होतं. मग तिने विचारलं, "संध्याकाळी ड्यूटीवर जाऊ ना?" अप्पा म्हणाले, "आता कसं जाशील? मी जे बोललो त्यानंतर तुला तिथे जाऊ दिलं तर मी कसला भाऊ?" आई म्हणाली, अहो, पण ते तर खोटं आहे ना. दुपारी तेच पोहे आम्ही परतून खाल्ले.

राजीनामा मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून आत्यानेच सांगितलं. 'कौटुंबिक कारणास्तव' हे शब्द तिने दोनदा सांगितले, मी समास सोडून, सरळ ओळीत लिहिले. मुकुंदरावांकडून पुढे काहीच आलं नाही. अप्पांनी मला ती लाल वही गंगेत सोडून यायला सांगितलं, वह्या जाळायच्या नसतात म्हणून. आत्या म्हणाली, तिला कशाला, मी टाकते. ती वही पदराखाली घेऊन घाटावर गेली आणि हात हलवत परत आली. पुढच्या गुरुवारी तिने पहिल्यांदाच आमच्याबरोबर बसून मालिका पाहिली. ती रडणारी सिस्टर त्या भागात नव्हती, नंतरही कधी दिसली नाही. डॉक्टर समर डॉक्टर नैनाबरोबर मंडपात होता. ती कुठे गेली हे मालिकेत कुणी विचारलं नाही.

त्यानंतर आत्या त्या घरातच राहिली. आईचे गुडघे गेल्यावर यजमानांचा स्वयंपाक तिच्याकडे आला. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी ती जिन्यात बसून घ्यायची, इतकंच काय ते उरलं. अप्पा तिच्याशी शेवटपर्यंत प्रेमाने वागले, तिच्या आवडीची मलइयो, ती दुधाच्या फेसाची मिठाई, थंडीत स्वतः जाऊन आणायचे. ती खायची. माझ्यावर ती कधी रागावली नाही, आणि मी तिच्यापाशी तो विषय कधी काढला नाही. लग्न होऊन मी गल्ली सोडली. दर भेटीला मी काय काय न्यायचं याची यादी करायची, औषधं, चष्म्याची दोरी, मोजे. माफी मागण्याची गोष्ट तीत कधी लिहिली गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. गल्लीतून खाली न्यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दिवस भावानेच केले, आता वह्या तोच सांभाळतो. मी त्याला म्हटलं, नोंद करशील त्यात तिचं नाव घाल, आणि पुढे परिचारिका असं लिही. तो म्हणाला, "ताई, रीत नाही तशी. आणि किती वर्षं झाली तिला ते सोडून." त्याने 'भगिनी' असं लिहिलं.

तिची ट्रंक मी आवरली, कारण आवरण्याचं काम सगळे माझ्याकडेच देतात. साड्या सहा, टोपी एक, नीळ घातलेली आणि घडी पिवळी पडलेली, नागपूरचं पत्र एक, आणि तळाशी लाल वही. ती गंगेत गेलीच नव्हती. मी शेवटचं पान उघडलं. माझ्या त्या ओळींच्या बाजूला, नेहमीसारखी पेन्सिलीने केलेली दुरुस्ती होती. ती कधी केली होती, त्याच दिवशी की मधल्या इतक्या वर्षांत, हे कळायला काही मार्ग नाही. तिला त्या सकाळी कुणी काहीच विचारलं नव्हतं. अप्पांनी नाही, काकांनी नाही, मीही नाही. विचारलं असतं तर तिने एवढंच सांगितलं असतं:

'औषधांच्या खोलीला आतून कडी नसते.'